सप्टेंबरातली आगबोट

सन्माननीय अध्यक्ष आणि या प्रसूतिगृहाचे प्रमुख विश्वस्त भाईदासशेठ, व्यासपीठावर विराजमान असलेले आमचे डॉक्टर निंबा देवरेसाहेब, विश्वस्त मंडळाचे आदरणीय सभासद, धुळे शहरातली प्रतिष्ठित मंडळी, उजव्या हाताला बसलेल्या माता-भगिनी, आणि ज्यांना निरोप देण्यासाठी आपण या उकाड्यात जमलो आहोत त्या यानीबाई, आपणा सर्वांना माझा विनम्र नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव नाही. डॉक्टरसाहेबांना विनंती करून मी हा थोडा वेळ मागून घेतला आहे, त्याबद्दल प्रथम त्यांचे आभार. मला न ओळखणारेही इथे असतील. मी शालिग्राम सोनवणे. एकवीस वर्षं या प्रसूतिगृहाचा कारकून होतो. गेल्या मार्चअखेर निवृत्त झालो. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या मुलांच्या जन्माच्या नोंदी माझ्या अक्षरात आहेत.

माझ्याआधी तीन वक्ते बोलले, फार सुंदर बोलले. 'त्याग' हा शब्द अकरा वेळा आला. कारकुनाची सवय, मी मोजत बसलो होतो. एकाने सांगितलं की या परदेशी भगिनीने आपला मुलूख विसरून खानदेशच्या लेकीसुनांसाठी इथे राहणं पत्करलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, हात आपोआप उठले. पण मंडळी, यानीबाई इथे राहिल्या, की त्यांना राहावं लागलं? या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो मला ठाऊक आहे. एवढंच सांगायला मी उभा राहिलो आहे.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. यानीबाईंचं खरं नाव यानिना. पोलंड देशातल्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याची ही मुलगी. लढाई सुरू झाली तेव्हा सोळा वर्षांची होती. एके दिवशी रशियाचे शिपाई दारात आले, अर्ध्या तासात घर सोडा म्हणाले, आणि आईबापांसकट हिला मालगाडीत घालून बर्फाच्या मुलखात लाकडं तोडायला नेलं. बाप तिथेच गेला. मग सुटका झाली, इराणातून आगबोटीने कराची, आणि तिथून कोल्हापूरजवळची छावणी. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसमध्ये ती छावणी मोडायला लागली. ज्यांचे मुलगे, नवरे फौजेत होते ते इंग्लंडला गेले. काही अमेरिकेला, काही ऑस्ट्रेलियाला. काही परत आपल्या देशी गेले. या दोघींनी कुठे जावं? फौजेत कोणी नाही, आणि यांचं गाव आता पोलंडात राहिलंच नव्हतं. गाव जागच्या जागी, देश दुसरा! हे मला समजायला वेळ लागला. आमच्या फॉर्मात राष्ट्रीयत्वाचा रकाना होता. मी विचारलं, काय लिहू? ती म्हणाली, "कोरं ठेव."

छावणीतल्या दवाखान्यात ती सुइणीचं काम शिकली होती. आपल्याकडे नर्स टिकत नव्हती. डॉक्टरसाहेबांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली आणि अठ्ठेचाळीसच्या जूनमध्ये चाळीसगावला गाडी बदलून या मायलेकी धुळ्याच्या स्टेशनावर उतरल्या. आणायला मीच गेलो होतो. आईच्या अंगात लोकरीचा कोट होता. टांगेवाल्याने मला हळूच विचारलं, "भाऊ, बाईले हिव वाजी ऱ्हायनं का?"

तेव्हा यानीबाई मला म्हणाल्या होत्या, मोडक्या इंग्रजीत, की आम्ही इथे सहा महिने आहोत. फार तर आठ. कुठला तरी देश आम्हाला बोलावील.

नऊ वर्षं झाली.

प्रसूतिगृहाच्या मागच्या दोन खोल्यांत या राहिल्या. दर महिन्याला पोलिसांत हजेरी, जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचं तर परवानगी. शुद्ध मराठी त्यांना कोणी शिकवली नाही. बोलायला शिकवलं ते कळा देणाऱ्या बायांनी, आणि आमच्या आया धुरपदाबाईंनी. म्हणून यानीबाई अहिराणी बोलतात, आणि लहानथोर सगळ्यांना 'तू' म्हणतात. शेठजींनाही. पहिल्यांदा शेठ हसले होते, आठवतं? शिरपूरकडची, साक्रीकडची बाई घाबरून आलेली असायची, आणि ही गोरी, निळ्या डोळ्यांची बाई तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणायची, "घाबरू नको माय, मी आठे शे." त्या बाईचं निम्मं दुखणं आश्चर्यानेच थांबायचं.

आणि त्यांच्या आई. त्यांना गल्लीतली पोरं 'बाबचा' म्हणायची. त्यांच्या भाषेत आजीला तसं म्हणतात. बाबचाला आपल्या बाजारात शेपू सापडला तेव्हा ती भाजीवालीसमोर रडली होती. तिच्या गावी काकड्या शेपू घालून मिठाच्या पाण्यात मुरवतात. तशी बरणी तिने आम्हा सगळ्यांना दिली. खोटं कशाला बोलू, आमच्या घरी ती कोणी खाल्ली नाही. आणि इथे जन्मलेल्या प्रत्येक बाळाला ती लोकरीचे मोजे विणून द्यायची. धुळ्याच्या मे महिन्यात लोकरीचे मोजे! आयाबाया तोंडाला पदर लावून हसायच्या. एकदा मी विचारलं, आजी, इथे कशाला हे? लेकीने भाषांतर करून सांगितलं, "मायना हात थंड देशना शेतस. त्यासले दुसरं येत नही."

आता मी मूळ गोष्टीकडे येतो. अध्यक्षमहाराज, थोडा वेळ लागेल. सांभाळून घ्यावं.

एकोणीसशे एक्कावन्न सालचा फेब्रुवारी. कॅनडाहून पत्र आलं. बाबचाची धाकटी बहीण तिथे शेतावर होती, तिने आणि तिच्या गावच्या चर्चने या दोघींची हमी घेतली होती. दोघींची! यानीबाई पत्र घेऊन माझ्या टेबलाशी धावत आल्या. त्यांना धावताना मी तेव्हाच पाहिलं, पुन्हा कधी नाही. दोघी पोलिसांची परवानगी घेऊन नाशिकला जाऊन छातीचा फोटो काढून आल्या. दोघींची छाती स्वच्छ. सगळे कागद जमले. राहिला एक. ही बाई नोकरीच्या कोणत्याही बंधनात नाही आणि तिला सोडायला आमची हरकत नाही, असा प्रसूतिगृहाचा दाखला, विश्वस्तांच्या सहीनिशी. कागद एकतीस मार्चच्या आत मुंबईच्या कचेरीत पोचायला हवे होते.

तो दाखला मी टाइप केला. सहीसाठी शेठजींपुढे ठेवला. शेठजींनी वाचला, आणि ड्रॉवरमध्ये ठेवला.

शेठ, मी काही चुकीचं सांगत असलो तर तुम्ही मला इथेच अडवा. माईक तुमच्याजवळ सरकवतो.

बरं.

त्या वेळी शेठजींच्या सूनबाई गरोदर होत्या. त्याआधीचं बाळ दगावलेलं. या खेपेलाही मूल आडवं असल्याचं डॉक्टरसाहेब म्हणाले होते. दिवस मे महिन्यात भरणार होते. शेठजींच्या घरात चिंता होती, आणि ती खरी होती. मी बाप आहे, मला ती कळत होती. शेठ मला म्हणाले, "शालिग्राम, सूनबाईंचं होऊन जाऊ द्या. मग पाहू."

मी म्हणालो, "शेठ, कागद मार्चमध्ये जायला हवेत. पण आगबोट सप्टेंबरात आहे. बाई मे महिन्यात इथेच असतील."

कारण फॉर्म मी वाचला होता. इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं: जागा मंजूर झाल्यास प्रवास सप्टेंबरात, मुंबई बंदरातून. सही मार्चमध्ये केली असती तरी यानीबाई एप्रिल, मे, जून, जुलै, ऑगस्ट इथेच असत्या.

शेठजी म्हणाले, "सही मिळाल्यावर माणूस थांबतो का, शालिग्राम?"

मी काय म्हणायला हवं होतं? शेठ, ही थांबेल. तिला बोलावून विचारा. दिवस भरलेली बाई टाकून जाणारी ही नव्हे. एवढंच म्हणायचं होतं. तोंडाशी आलं होतं. शेठजींनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं, आणि मी म्हणालो, "बरं." आयुष्यात मी हजारो वेळा 'बरं' म्हटलं असेल. तेवढं एकच मला रोज ऐकू येतं.

मग शेठ म्हणाले, "विचारलं तर सांगा, कागद गेले."

दर सोमवारी सकाळी यानीबाई येत. "भाऊ, टपाल उनं का?" मी म्हणे, "नाही आलं अजून. मुंबईची कचेरी मोठी, वेळ लागतो." त्यांचा माझ्यावर विश्वास होता. माझ्या धाकट्या मुलीच्या वेळी माझ्या बायकोला त्यांनीच सोडवलं होतं. असा विश्वास असला की खोटं बोलायला फार कष्ट पडत नाहीत. मला वाटलं होतं पडतील.

मे महिन्यात सूनबाईंना दुपारी कळा सुरू झाल्या. बाहेर लू वाहत होती. शेठजी व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते, मी त्यांना पाणी देत होतो. डॉक्टरसाहेब आत होते, पण डॉक्टरसाहेब स्वतःच सांगतील की त्या दिवशी हात कोणाचे चालले. मूल पायाळू निघालं. चार तासांनी यानीबाई बाहेर आल्या, कोपरापर्यंत भिजलेल्या, आणि म्हणाल्या, "शेठ, पोर उनी. तू रडू नको. दोन्हीबी चांगल्या शेतस." शेठजींनी तिचे दोन्ही हात धरले. मी स्वतः पाहिलं. ते अश्रू खोटे नव्हते.

मघाशी जिने व्यासपीठावर येऊन यानीबाईंना पुष्पगुच्छ दिला, तीच ही मुलगी. सहा वर्षांची झाली. गोड पोर आहे. तिचा यात काही दोष नाही आणि तिच्या आईचाही नाही. उद्या कोणी मला म्हणेल, शालिग्राम, त्या दिवशी यानीबाई नसत्या तर ही मुलगी आज दिसली असती का? मी त्याला म्हणेन, अरे, पण त्या असत्याच की! सही झाली असती तरी असत्या. आगबोट सप्टेंबरात होती.

त्या संध्याकाळी शेठजी आनंदात होते म्हणून मी धीर करून विचारलं, "तो दाखला?" ते म्हणाले, "तारीख गेली ना आता? मग राहू द्या. देवाची इच्छा दिसते तिने इथेच राहावं."

जूनमध्ये मुंबईहून पत्र आलं. कागद मुदतीत मिळाले नाहीत, सबब तुमची जागा दुसऱ्या कुटुंबाला दिली आहे. यानीबाईंनी ते माझ्याकडून वाचून घेतलं. त्यांनी एकच विचारलं, "तू धाडं व्हतं ना, भाऊ?"

मी म्हणालो, "धाडलं होतं. टपालात गहाळ झालं असेल."

त्या म्हणाल्या, "व्हस तसं." आणि वॉर्डात गेल्या. दोन बाया भरती होत्या.

मंडळी, इथे गोष्ट संपली असती तर मी कदाचित गप्प बसलो असतो. यानीबाईंनी पुन्हा अर्ज केला, पुन्हा दोन वर्षं वाट पाहिली. त्रेपन्न साली पुन्हा बोलावणं आलं, पुन्हा नाशिकला जाऊन फोटो काढला. या वेळी बाबचाच्या डाव्या छातीत डाग निघाला. उत्तर आलं: मुलगी येऊ शकते, आई नाही. मावशीने लिहिलं, तू तरी ये. यानीबाई माझ्यासमोर ते पत्र घडी घालत म्हणाल्या, "मायले सोडीसन मी कोठे जाऊ?" आणि गंमत पाहा. त्या वेळी आमचा दाखला पाच मिनिटांत मिळाला! शेठजींनी उभ्याउभ्या सही केली. आई जाणार नाही म्हणजे मुलगी जाणार नाही, हे आता सगळ्यांना कळलं होतं. पंचावन्न साली ऑस्ट्रेलियाचा फॉर्म आला, त्यावरही लगेच सही. उत्तर तेच.

आणि बाळंतिणींच्या घरामागे क्षयाचा रोगी ठेवता येणार नाही, असा ठराव विश्वस्तांनी केला. वैद्यकीयदृष्ट्या तो बरोबर होता. मीच तो इतिवृत्तात लिहिला, वळणदार अक्षरात. पण म्हातारीने जावं कुठे, हे ठरावात नव्हतं. यानीबाई शहरभर खोली शोधत हिंडल्या. ज्यांच्या सुनांना, लेकींना त्यांनी सोडवलं होतं, त्या दारांत उभ्या राहिल्या. कोणी विचारलं, तुम्ही मांस शिजवाल का? कोणी म्हणालं, मालक गावाला गेलेत. मीसुद्धा म्हणालो, यानीबाई, आमच्याकडे पोरंबाळं आहेत हो. माझ्या घरी रिकामी खोली होती. आजही आहे.

शेवटी देवपुरातल्या धुरपदाबाई म्हणाल्या, "मन्हा घर राही ती. मी म्हातारी, माले आते काय व्हनार शे?" धुरपदाबाई इथे मागच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना कोणी पुढे बसवलं नाही, म्हणून सांगतो. पांझरेपलीकडे त्यांच्या अंगणातल्या पडवीत बाबचा साडेतीन वर्षं राहिली. यानीबाई कामावरून सुटल्या की नदी ओलांडून तिकडे जात. या जानेवारीत संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी म्हातारी गेली. खांदा द्यायला आम्ही सात माणसं होतो. या शहरात यानीबाईंच्या हातून दोन हजारांवर बाळं जन्मली आहेत.

आता अडवायला कोणी उरलं नाही. एप्रिलमध्ये कॅनडाचा होकार आला. एकटीसाठी. मघाचे वक्ते म्हणाले, अखेर त्यांची प्रतीक्षा फळाला आली. फळाला आली?

गेल्या मंगळवारी मी देवपुरात गेलो. यानीबाई आईचे कपडे धुरपदाबाईंना देऊन टाकत होत्या. मी पडवीच्या कोपऱ्यात उभा राहून त्यांना सगळं सांगितलं. दाखला, ड्रॉवर, सोमवारचं खोटं, सप्टेंबर. नोकरीत असतो तर सांगितलं असतं का? नसतं सांगितलं. निवृत्त झालो, आता मला कोणी काही करू शकत नाही, म्हणून तोंड उघडलं. एवढंच माझं धैर्य.

मला वाटलं, त्या रडतील. मला वाटलं, खरं सांगायचं तर, माफ करतील. आणि हलकं होऊन मी घरी जाईन. त्यांनी हातातलं लुगडं खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हाई माले कोपरामा का सांगस? जठे बठ्ठा बसतीन, मन्हं कौतुक करतीन, तठे सांग."

म्हणून सगळ्यांसमोर मी इथे उभा आहे. यात माझा मोठेपणा काही नाही. त्यांनी सांगितलेलं काम करतो आहे.

हो, घंटी ऐकली, अध्यक्षमहाराज. संपवतोच.

सूनबाई, तुम्ही का उभ्या राहिलात? ... मंडळी, मागे ऐकू गेलं नसेल. सूनबाई विचारताहेत, "मामंजी, हे खरं आहे का?" हा प्रश्न मला नाही. मी माझं सांगून झालो. शेठ?

जरा शांत राहा, मंडळी. त्यांना बोलू द्या.

नाही बोलायचं त्यांना. असू दे. सूनबाई, खाली बसा. नाही बसायचं? बरं. ... वाट द्या त्यांना. व्यासपीठाकडे येताहेत, येऊ द्या. डॉक्टरसाहेब, यानीबाईंच्या शेजारची ती खुर्ची जरा मोकळी करता का?

यानीबाई, उद्या सकाळच्या गाडीने तुम्ही निघणार. स्टेशनावर कोणी येऊ नये, असं तुम्ही डॉक्टरसाहेबांना कळवलं आहे. पाकिटात घालून जे मानपत्र तुम्हाला मिळालं आहे, त्यात 'स्वेच्छेने' असा एक शब्द आहे. मजकूर माझाच आहे; निवृत्तीनंतरही शेठजींनी मलाच लिहायला सांगितला आणि मी 'बरं' म्हणून लिहिला, तुम्हाला भेटायच्या आदल्या आठवड्यात. तो शब्द खोटा आहे, हे मी या सभेपुढे नोंदवतो. मावशींना ही हकिगत सांगाल तेव्हा माझं नाव घ्यायला संकोचू नका.

आपण सर्वांनी एका निवृत्त कारकुनाचं लांबलेलं बोलणं ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. डॉक्टरसाहेबांनी बोलू दिलं, त्यांचेही आभार. शब्द कुठे कठोर गेला असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर त्याबद्दल सभेने मला उदार मनाने क्षमा करावी. दुसऱ्या गोष्टीची क्षमा मी सभेकडे मागत नाही. ती जिच्याकडे मागायची, तिने त्या मंगळवारी माझं सगळं ऐकून घेतलं, दारापर्यंत पोचवायला आली, आणि मला 'भाऊ' म्हणाली नाही.

नमस्कार.